कमलाबाई सोहोनी : इंदूरच्या एका कन्येची प्रथिनसाधना

ग्रंथालयाच्या सभासदांना दुर्गाबाई भागवतांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. त्या जन्माने इंदूरच्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांची धाकटी बहीण कमला हीदेखील याच नगरीत १८ जून १९११ रोजी जन्मली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मराठीचा अध्यापक असलेल्या प्रस्तुत लेखकासही ते फार उशिरा कळले.

वडील नारायणराव व चुलते माधवराव हे बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी त्यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, तो वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अटीवर. रामन यांची थोरवी मान्य करूनही ती अट अपमानकारक होती, असेच म्हणावे लागेल. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी केलेले काम पाहून रामन यांचे मत पालटले, आणि संस्थेची दारे स्त्रियांना खुली झाली.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखविले. १९३९ साली अवघ्या चाळीसएक पानांच्या प्रबंधावर त्यांस डॉक्टरेट मिळाली. (आमच्या शाखेतील प्रबंधलेखकांनी याची नोंद घ्यावी!) दिल्ली व कुन्नूर येथील सेवेनंतर, १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी घरोघरची कडधान्येच प्रयोगशाळेत आणली. आपल्या आतड्यातील ट्रिप्सीन हे एंझाइम अन्नातील प्रथिनांचे तुकडे करून ती पचनयोग्य करते. काही कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सीनलाच बिलगून त्याचे काम बंद पाडणारी प्रथिने असतात. कच्चे कडधान्य बाधते आणि शिजविलेले पचते, यामागील हेही एक कारण. वाल व डबल बी यांतून अशी प्रथिने स्फटिकरूपात वेगळी केल्याचे त्यांनी सहकाऱ्यासह १९५५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले.

प्रथिन हाती आले, तरी ते नेमके कोठे बिलगते हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. ते पुढे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एन.एम.आर., या पद्धतीने मिळाले. द्रावणातील प्रथिन प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडतात. अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संकेतांवरून कोणते अणू परस्परांनजीक आहेत ते कळते व रेणूची घडण जुळविता येते. दुसरा रेणू येऊन बिलगला की काही संकेत जागचे सरकतात. त्यावरून बिलगण्याचे ठिकाण उमगते. १९८५ च्या सुमारास झुरिचच्या कुर्ट व्युथ्रिख यांनी या पद्धतीने प्रथमच एका प्रथिनाची संपूर्ण रचना सिद्ध केली. ते वळूच्या वीर्यातील असले, तरी कार्याने वालातल्या त्या प्रथिनाचेच भावंड, ट्रिप्सीनला रोखणारे! व्युथ्रिख यांस २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कमलाबाईंस मुंबईच्या संस्थेचे संचालकपदही उशिराच लाभले. नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनासाठी मात्र राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. १९९८ साली नवी दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात निवर्तल्या.