आचार्य प्रफुल्लचंद्र रे : हात आणि बुद्धी यांची सांगड घालणारा रसायनशास्त्रज्ञ

जातिव्यवस्थेने या देशाचे सामाजिक व आर्थिक नुकसान किती केले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिने विज्ञानाचेही नुकसान केले, हे ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र रे या रसायनशास्त्रज्ञाचे नाव आदराने घ्यावे लागते.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागात, एका जमीनदार कुटुंबात झाला. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले आणि १८८७ साली डी.एस्सी. झाले. मायदेशी परतल्यावर मात्र वर्षभर नोकरी मिळाली नाही. १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर ते साहाय्यक प्राध्यापक झाले. वरिष्ठ श्रेणी व्यवहारात युरोपियनांसाठीच राखीव होती. अन्याय कोणत्या रंगाचा असतो, हे त्यांनी असे अनुभवले.

१८९५ साली ते पारा आणि थंड, सौम्य नायट्रिक आम्ल यांच्यापासून मर्क्युरस नायट्रेट तयार करीत होते. पाऱ्यावर अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक जमलेले दिसले. दुसऱ्या कोणी ते अशुद्धी समजून फेकून दिले असते. रे यांनी त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा ते मर्क्युरस नायट्राइट असल्याचे आढळले. टिकण्यास कठीण मानलेले दोन घटक एका स्थिर संयुगात एकत्र आले होते. पुढे अमोनियम नायट्राइट आणि त्याच्या जातीची अनेक संयुगे त्यांनी सिद्ध केली. उत्तरायुष्यात गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यांशी पारा, प्लॅटिनम, इरिडियम व सोने यांची संयुगे बनवून त्या धातूंच्या संयुजांचा त्यांनी अभ्यास केला.

१८९२ साली अवघ्या ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी बेंगॉल केमिकलचा पाया घातला. फॉस्फेट बनविण्यासाठी जनावरांची हाडे हवी होती. ती खाटिकांकडून आणून त्यांनी राहत्या घराच्या गच्चीवर वाळत घातली. दुर्गंधीने शेजारी संतापले, तरी काम थांबले नाही.

हा प्रसंग वाचताना मन थबकते. आपल्या पूर्वजांच्या हाती हीच हाडे होती, परंतु त्यांच्या वाट्याला विटाळ आला. रे यांनी ती स्वेच्छेने उचलली आणि तिचे शास्त्र झाले. हाडे तीच, फरक होता तो निवडीच्या स्वातंत्र्याचा आणि शिक्षणाचा. म्हणूनच मेलेली जनावरे ओढणे सोडा आणि शिका, हा बाबासाहेबांचा आदेश आपल्याला विज्ञानाच्या दारापर्यंत घेऊन जातो.

रे यांनी १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत प्राचीन भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला. नागार्जुनांसारख्या बौद्ध परंपरेतील रसायनज्ञांची त्यांनी गौरवाने नोंद घेतली. ऱ्हासाचे कारण शोधताना ते जातीपाशी पोहोचले. हातांनी काम करणारा वर्ग हीन ठरला, शवाचा स्पर्श निषिद्ध झाला, विचार करणारा प्रयोगापासून तुटला आणि प्रयोग करणारा विद्येपासून. १९३६ साली बाबासाहेबांनी जात ही श्रमिकांचीच विभागणी असल्याचे सिद्ध केले. दोघांची वाट वेगळी होती, निष्कर्ष मात्र एकमेकांना बळ देणारे आहेत.

रे अविवाहित राहिले. ८०० रुपये पगारातले ४० रुपये स्वतःसाठी ठेवून बाकी ते लोककार्याला देत, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गांधीजींना कौतुकाने सांगितले होते. १९२१ साली साठी पूर्ण झाल्यावर त्यांनी आपले सर्व वेतन कलकत्ता विद्यापीठाला अर्पण केले. नागार्जुनांच्या नावाने संशोधनासाठी पारितोषिकही ठेवले. १९२२ च्या उत्तर बंगालमधील पुरात मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. वसतिगृहात जातीमुळे अवहेलना सोसलेले मेघनाद साहा त्यांचेच विद्यार्थी. ते पुढे जगद्विख्यात भौतिकशास्त्रज्ञ झाले. १६ जून १९४४ रोजी विज्ञान महाविद्यालयातील आपल्या साध्या खोलीतच आचार्यांनी देह ठेवला.

जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहात सर्व मुले एकाच पंगतीत जेवतात. तीच मुले उद्या प्रयोगशाळेतही एकाच टेबलाशी उभी राहावीत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या प्रयोगशाळेसाठी आपला वाटा उचलावा, एवढीच या स्मरणाच्या निमित्ताने विनंती.