लोराँ क्लेर : कर्णबधिरांचे आद्य गुरुजी

फ्रान्समधील लिआँ शहराजवळच्या एका खेड्यात २६ डिसेंबर १७८५ रोजी लोराँ क्लेर यांचा जन्म झाला. वर्षभराचे असताना ते खुर्चीवरून आगीत पडले व त्यांचा उजवा गाल भाजला. श्रवणशक्ती याच अपघातात गेली, असा घरच्यांचा समज होता. गालावरील तो व्रण पुढे त्यांची ओळख ठरला. गालावरून दोन बोटे फिरविणे हेच सांकेतिक भाषेत त्यांचे नाव झाले.

बाराव्या वर्षापर्यंत त्यांना शाळा ठाऊक नव्हती. १७९७ मध्ये काकांनी त्यांना पॅरिसच्या कर्णबधिर विद्यालयात घातले. आबे द लेपे या धर्मगुरूंनी स्थापिलेल्या या विद्यालयात हातांच्या खुणांनी शिकविले जाई. क्लेर यांचे गुरू झाँ मास्यू स्वतः कर्णबधिर होते. तेथेच एका शिक्षकाने त्यांना बोलावयास शिकविण्याचा आग्रह धरला. उच्चार साधेना, तेव्हा त्याने हनुवटीवर असा तडाखा दिला की जीभ दातांखाली सापडली. यापुढे तोंडाने बोलावयाचे नाही, असा निश्चय त्या मुलाने केला आणि आयुष्यभर पाळला. पुढे याच विद्यालयात ते शिक्षक झाले.

१८१५ मध्ये लंडनला त्यांची थॉमस गॅलोडेट या अमेरिकन गृहस्थांशी भेट झाली. अमेरिकेत कर्णबधिरांसाठी शाळा काढण्याकरिता गॅलोडेट शिक्षणपद्धती शोधीत होते. त्यांच्या विनंतीवरून १८१६ मध्ये क्लेर मायदेश सोडून निघाले. ५२ दिवसांच्या समुद्रप्रवासात गॅलोडेट त्यांना इंग्रजी शिकवीत आणि ते गॅलोडेटना खुणा. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांच्या घरच्या खुणा यांच्या मिलाफातून अमेरिकेची सांकेतिक भाषा घडली. करार तीन वर्षांचा होता, पण क्लेर १८५८ पर्यंत, ४१ वर्षे, शिकवीत राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक ठिकठिकाणच्या शाळांत गेले. १८ जुलै १८६९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकराच वर्षांनी मिलान येथील परिषदेने वाचिक पद्धतीचा कौल दिला. मते देणारे जवळजवळ सारे ऐकू येणारे होते. अनेक देशांतील वर्गांतून खुणांना बंदी झाली, कर्णबधिर शिक्षकांची पदे गेली. हा ठराव चुकीचा होता, हे मान्य होण्यास २०१० साल उजाडावे लागले. आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

परप्रांतात साठ वर्षे मराठी शाळा चालविणाऱ्या आपणांस, मुलाला त्याच्या भाषेतून शिकविणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. आपल्या घरी वा शेजारी एखादे कर्णबधिर मूल असेल, तर तोच हक्क त्याचाही आहे, एवढे स्मरण या निमित्ताने ठेवावे.