हवेचा भार मोजणारा पास्कल

फ्रान्स देशात क्लेरमाँ नावाचे एक प्राचीन शहर आहे. त्याच्या पश्चिमेस प्वी द डोम हा निद्रिस्त ज्वालामुखी पर्वत उभा आहे. ह्याच शहरात १९ जून १६२३ रोजी ब्लेझ पास्कल ह्याचा जन्म झाला. तो अवघा तीन वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडील एत्येन हे सरकारी अधिकारी असून गणिताचे जाणकार होते. मुलांचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. पुढे रूआँ येथे त्यांच्यावर करवसुलीचे काम आले. रात्र रात्र आकडेमोड करणाऱ्या वडिलांचे श्रम वाचावेत म्हणून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्लेझने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनविण्यास आरंभ केला.

१६४६ साली रूआँ येथे त्याच्या कानी एका नवलाची वार्ता आली. इटलीत तोरिचेल्ली नावाच्या शास्त्रज्ञाने एका टोकाशी बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी उभी केली होती. नळीतील पारा थोडा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर स्थिर राहिला. वरचा भाग रिकामा दिसू लागला. निसर्गाला पोकळी मुळीच खपत नाही, असे विद्वान लोक शतकानुशतके मानीत आले होते. पंपाने पाणी वर चढते तेही ह्याच कारणाने, असे ते सांगत. मग पंपाने पाणी सुमारे दहा मीटरांच्या वर का चढू नये? पोकळीचा तिटकारा तेवढ्याच उंचीवर का संपावा?

पास्कलने रूआँ येथे सुमारे पंधरा मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून लोकांसमक्ष प्रयोग केले. एका नळीत पाणी व दुसरीत मद्य भरले. मद्य पाण्याहून किंचित हलके असल्यामुळे त्याचा स्तंभ पाण्याच्या स्तंभाहून थोडा उंच राहिला. पारा तर पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड. म्हणून त्याचा स्तंभ त्या मानाने तितकाच आखूड. द्रवाची घनता आणि स्तंभाची उंची ह्यांचा मेळ असा चोख बसत होता. तरीही विरोधकांचे समाधान होईना. त्या रिकाम्या जागेत एखादे अदृश्य द्रव्य असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा पास्कलच्या मनात एक साधा पण मर्मभेदक विचार आला. पाऱ्याला जर बाहेरच्या हवेचा भार तोलून धरीत असेल, तर पर्वतमाथ्यावर पारा खाली उतरला पाहिजे. कारण तेथे डोक्यावर हवा कमी. निसर्गाचा तिटकारा मात्र पायथ्याशी अधिक आणि माथ्यावर कमी असण्याचे काहीच कारण नाही. पास्कलची प्रकृती क्षीण होती व तो पॅरिसमध्ये राहत होता. म्हणून त्याने क्लेरमाँ येथे राहणारा आपल्या थोरल्या बहिणीचा पती फ्लोराँ पेरिए ह्याला १६४७ च्या नोव्हेंबरात पत्र लिहून हा प्रयोग करण्याची विनंती केली.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी तो दिवस उजाडला. गावातील प्रतिष्ठित मंडळींसह पेरिएने एका मठाच्या बागेत दोन नळ्यांतील पारा मोजला. दोन्हींची उंची सारखीच भरली. एक नळी तेथेच ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवण्यास एका साधूस बसविले. दुसरी घेऊन मंडळी सुमारे एक हजार मीटर चढून गेली. माथ्यावर मोजतात तो पारा साडेआठ सेंटिमीटरांनी खाली उतरलेला! विश्वास बसावा म्हणून माथ्यावर निरनिराळ्या जागी पुनःपुन्हा मोजणी केली. उत्तर एकच आले. खाली परतल्यावर पारा पूर्ववत् वर चढला. मठातील नळी मात्र दिवसभर होती तशीच राहिली होती. शेकडो वर्षांचा वाद एका दिवसात मिटला.

पुढे पास्कलने द्रवांच्या दाबाचा नियम मांडला. बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. भांड्याला दोन दट्टे असून एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठा असेल, तर लहान दट्ट्यावरील एका माणसाचे बळ मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचे बळ तोलून धरते. पण मोठा दट्ट्या एक अंगुळ उचलावयाचा, तर लहान दट्ट्या शंभर अंगुळे दाबावा लागतो. निसर्ग फुकट काही देत नाही. मोटारीचे ब्रेक आणि अवजड ओझी उचलणारी यंत्रे आज ह्याच नियमावर चालतात.

सततच्या आजारपणाने पास्कलचे शरीर पोखरले होते. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. द्रवांवरील त्याचा ग्रंथ दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९७१ साली जगातील शास्त्रज्ञांनी दाबाच्या एककाला पास्कल हे नाव देऊन त्याचा गौरव केला. ज्या पर्वतावर त्याचा विचार कसास लागला, त्या पर्वतावर त्या दिवशी तो स्वतः नव्हता. परंतु मत कितीही जुने असो आणि ते सांगणारा कितीही थोर असो, ते अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावे, हा धडा त्याने साऱ्या जगाला घालून दिला.