बोगदे, जहाजे, विमाने... आणि सांगलीचे महाविद्यालय

सांगलीवरून वाहत येणारी कृष्णा नृसिंहवाडीला पंचगंगेला भेटते. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की दत्तमंदिरात पाणी शिरते आणि दक्षिणद्वार सोहळ्यासाठी भाविकांची रीघ लागते. वाडीकरांच्या दृष्टीने ती पर्वणी असते. मात्र शिरोळ, कुरुंदवाडपासून मिरजेपर्यंतच्या या टापूत घाट, पूल, बंधारे आणि पाणीपुरवठ्याची कामे जाणणाऱ्या माणसांची गरज किती मोठी आहे, याचीही ती दरवर्षीची आठवण असते. अशी माणसे घडविणारे पदवी महाविद्यालय या टापूला मिळाले ते १९४७ मध्ये. त्याआधी येथील हुशार मुलगा इंटर सायन्सला पदार्थविज्ञान आणि गणितात उत्तम गुण मिळवून पुण्याची वाट धरी. १८५४ मध्ये सुरू झालेले तेथील सरकारी महाविद्यालय हाच मुख्य आसरा होता. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले कराचीचे एनईडी महाविद्यालय तर फाळणीने सीमेपलीकडे गेले.

आज वाडी-शिरोळकडील विद्यार्थी त्या सांगलीच्या महाविद्यालयाला नुसते 'वालचंद' म्हणतात. ज्यांचे हे नाव, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी हे महाविद्यालय स्थापन केले नव्हते. आपले नाव त्याला दिलेले पाहण्यास ते हयातही नव्हते. आणखी एक गोष्ट अशी, की स्वतः वालचंद पदवीधर नव्हते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दोशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराणे जैन, मूळचे गुजरातमधील. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा पिढीजात उद्योग. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून शालेय शिक्षण संपवून त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.साठी नाव घातले. विषय इतिहास आणि अर्थशास्त्र. अभ्यासक्रम पूर्ण न करताच ते घरच्या पेढीवर परतले. पेढीतही त्यांचे मन रमेना. गादीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा उन्हात उभे राहून काही बांधावे, ही त्यांची ओढ होती. व्यापारी घरातल्या तरुणाला हे वेड परवडणारे नव्हते, असे त्या काळी अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

जोडीदार मिळाला तो लक्ष्मणराव बळवंत फाटक हा रेल्वेतील माजी कारकून. कारकुनी सोडून कंत्राटदारीत पडलेल्या फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होते. 'फाटक-वालचंद' ही भागीदारी १९१५ पर्यंत टिकली. रुळांखालची भर, मोऱ्या, छोटे पूल यांवर वालचंद जे शिकले, तेच त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण. पुढे टाटा समूहाशी संबंधित बांधकाम कंपनीतून आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीतून मोठी कामे झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील भोर घाटाचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळवाहिन्या, ब्रह्मदेशातील इरावतीवरच्या पुलाची पुनर्बांधणी ही त्यांपैकी ठळक. घाटातून जाणारा मुंबई-पुण्याचा प्रवासी आजही त्या कामाखालून जातो, पण बोगद्याला नाव विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

वालचंदांचे नाव देशभर झाले ते मात्र समुद्रामुळे. पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या महाराजांचे, युद्धकाळात इस्पितळ म्हणून वापरलेले 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीस निघाले. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ते घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस देशात पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडविण्याचा प्रयत्न केला. ती दरयुद्धाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यापेक्षा कमी सांगितली जाणारी अडचण वेगळी होती. मालकी भारतीय झाली तरी जहाजावरचे अधिकारी आणि यंत्रघरातील अभियंते कोठून आणायचे? १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, तेव्हा कोठे भारतीय मुलांना या व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले.

हाच पेच वालचंदांच्या प्रत्येक उद्योगात पुनःपुन्हा येतो. पैसा उभा करता येत होता, जमीन मिळत होती, प्रसंगी सरकारशी दोन हातही करता येत होते. तंत्रज्ञ मात्र परदेशातून मागवावे लागत. मोटार कारखान्याच्या कल्पनेत त्यांचे सहकारी होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या महाविद्यालयातून अभियंता झालेला म्हैसूरचा दिवाण आणि पदवी अर्धवट सोडलेला सोलापूरचा कंत्राटदार अशी ही जोडी. त्यांच्या प्रयत्नांना सरकारने दीर्घकाळ दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, ती अमेरिकेतील क्रायस्लरच्या साहाय्याने. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

विमानांचा अध्याय तर एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना वालचंदांची विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. असाच कारखाना भारतात का असू नये, हा विचार त्या ओळखीतून पक्का झाला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरची जागा आणि भांडवलाचा वाटा देऊ केला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकी सुट्या भागांतून जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान बंगळूरच्या आकाशात उडाले. घाट फोडणाऱ्या माणसाने एका वर्षात विमान उडवून दाखविले, ही त्या काळच्या वर्तमानपत्रवाचकाला अचंब्यात टाकणारी बातमी होती.

पण सत्ता ब्रिटिशांची आणि काळ युद्धाचा. जपानी फौजा भारताच्या दाराशी येताच, १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले आणि दोस्तराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती हेच कारखान्याचे मुख्य काम झाले. मोबदला मिळाला, कारखाना मात्र हातचा गेला. उद्योगपतीच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा नव्हता, असे म्हणता येईल. परंतु वालचंदांनी हा कारखाना केवळ नफ्यासाठी काढला नव्हता, हेही तितकेच खरे.

या कारखान्याशी कोल्हापूरचा जो धागा जोडलेला आहे, तो येथे सांगितला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील विष्णू माधव घाटगे हे जर्मनीतील गोटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून परतले होते. वाऱ्याच्या प्रवाहाचे पदार्थविज्ञान हा त्यांचा प्रांत. १९४२ च्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या जडणघडणीत घाटगे होते. पुढे ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान उडाले. वालचंदांनी अमेरिकी तज्ज्ञ आणून उघडलेल्या कारखान्यात, दहा वर्षांनी, आरेखनापासून बांधणीपर्यंत भारतीय असलेले विमान तयार झाले. फरक पडला तो शिकलेल्या माणसांचा.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचीही गोष्ट फार वेगळी नाही. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' पाण्यात सोडली. १९५२ मध्ये या कारखान्याचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला. रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंब येथील माळरानांवर उभे राहिलेले साखर कारखाने, त्यांतून वसलेले वालचंदनगर, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

सांगलीत या सुमारास काय चालले होते? विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून होते. त्याच परिसरात १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' सुरू झाले. पदवीची शाखा एकच, स्थापत्य. त्याच वर्षी हुबळीतही खासगी प्रयत्नातून अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर छोट्या शहरांनी हे धाडस करावे, याचे मोल मोठे आहे. संस्थानी राजवट मावळत होती आणि नव्या सरकारकडून काय मिळेल याची खात्री नव्हती.

स्थापत्याची पदवी आधी आणि बाकीच्या नंतर, यामागे कारण असावे ते खर्चाचे. मोजणीची उपकरणे, आरेखनाची दालने, साहित्याच्या चाचणीची यंत्रे यांवर स्थापत्याचे वर्ग सुरू करता येतात. यंत्र अभियांत्रिकीला लेथ, भट्टी, इंजिने असलेले सुसज्ज वर्कशॉप लागते. विद्युत शाखेला जनित्रे आणि मोटारींची प्रयोगशाळा लागते. शुल्कातून असा खर्च भागत नाही आणि नुसत्या खडू-फळ्यावर अभियंता होत नाही. पदार्थविज्ञानाचा नियम पाठ करणे वेगळे आणि तोच नियम फिरत्या यंत्रात पाहणे वेगळे.

ही उणीव भरून काढणारा पैसा आला तो वालचंदांच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीतून. १९५५ मध्ये महाविद्यालयाची पुनर्रचना होऊन त्याला 'वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव मिळाले आणि त्याच विस्तारात यंत्र व विद्युत या शाखांच्या पदव्या सुरू झाल्या. जहाजाच्या यंत्रघरासाठी, मोटार कारखान्यासाठी ज्या माणसांची वालचंदांना आयुष्यभर वाण भासली, नेमकी ती माणसे घडविणाऱ्या या दोन शाखा. देणगीदाराचे नाव पाटीवर लागते आणि रोप लावणाऱ्याचे नाव विस्मरणात जाते, हे मात्र येथेही घडले. धोंडूमामांचे ऋण सांगलीने अधिक ठळकपणे मानायला हवे होते, असे म्हटल्यास गैर होणार नाही.

१९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सांगलीच्या अभियंत्यांना पदवी कोल्हापूरहून मिळू लागली. पुढे इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या शाखा आल्या, २००७ मध्ये महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली. वालचंदांच्या जन्मगावी, सोलापुरातही, १९८३ मध्ये त्यांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.