गुराब की गलबत? कान्होजी आंग्रेंच्या आरमाराचं गणित

माझं गाव समुद्रपूर, जिल्हा वर्धा. नावात समुद्र आहे, पण अलिबागचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे खरा समुद्र मी पाहिला तो थेट इंजिनिअरिंगच्या सहलीत, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाताना. पोरं सेल्फी काढत होती आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळे विरोधात असताना या किल्ल्याचा मालक तीस वर्षं टिकला कसा? उत्तराचा मोठा भाग शिडाच्या दोन बोटींत आहे. एक मोठी, एक छोटी.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते आणि कान्होजींचं सुरुवातीचं आयुष्य सुवर्णदुर्गाशी जोडलेलं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज तर कितीतरी आधीपासून असेच परवाने विकत होते. पण कान्होजींनी मागितला तर ती चाचेगिरी! इंग्रजांना हे मान्य नव्हतं, आणि भांडण खरं इथलंच होतं: या पाण्यावर हुकूम कोणाचा?

आता बोटींकडे येऊ. गुराब ही मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्या, वजन साधारण दीडशे ते तीनशे टन. मधे रुंद, पुढे निमुळती, आणि तळ उथळ, म्हणून खाडीत शिरायला सोपी. पुढच्या टोकाकडे रोखलेल्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडांचे गोळे टाकणाऱ्या. म्हणजे पाठलाग करताना बोट आडवी न वळवता थेट समोर मारा करता यायचा. पुढचं टोक लाटेत बुडायचं, म्हणून तिथे कठडाच ठेवला नव्हता. पाणी वर आलं की बाजूने वाहून जाई. साधी गोष्ट आहे, पण मला तरी हे डिझाइन लय आवडलं.

गलबत छोटं. सहसा सत्तर टनांच्या आत, मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, सहा ते आठ हलक्या तोफा, आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा नसला तरी वल्ह्यांवर ताशी चार मैल.

मग वेगवान कोण? भौतिकशास्त्र म्हणतं, मोठी. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा कमाल वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. लांबी चौपट केली तर वेग दुप्पट. पण हे भरपूर वारा असेल तेव्हा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री उलट. मधल्या बदलाच्या वेळी वारा पडतो, आणि तेव्हा चारशे-पाचशे टनांचं इंग्रजी जहाज जागेवर उभं राहतं. त्याला धड वळताही येत नाही.

नेमक्या त्याच वेळी गलबतं गुराबेला दोर बांधून ओढत न्यायची, तेही शत्रूच्या मागच्या बाजूला, कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कडांना असत. गुराबा डोलकाठ्या आणि दोरखंड तोडायच्या. जहाज लुळं पडलं की गलबतं चहूकडून भिडायची आणि प्रत्येकातून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन वर चढायची. तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे कोर असतात ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की फोन कामं वाटून देतो, इथे दोघं एकाच कामावर तुटून पडत. एकटी गुराब इंग्रजी जहाजाच्या बाजूच्या तोफांपुढे टिकली नसती, आणि एकट्या गलबताची तर फळीफळी झाली असती.

नोव्हेंबर १७१२ मध्ये याचा फटका मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याच्या सशस्त्र यॉटला बसला. यॉट पकडली गेली, कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन मारला गेला. त्याच्या बायकोला ३०,००० रुपये खंडणी भरल्यावर फेब्रुवारी १७१३ मध्ये सोडलं. हा भाग वाचताना मला अजिबात अभिमान वाटत नाही, पण गाळून सांगणंही बरोबर नाही.

पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांकडे आले आणि त्यांचं सरखेलपद पक्कं झालं. मग इंग्रजांचे हल्ले सुरू झाले. १७१७ ला विजयदुर्ग, १७१८ ला खांदेरी, १७२० ला पुन्हा विजयदुर्ग. या वेळी तर फ्राम नावाची तरंगती तोफनौका खास बांधून नेली होती, तीही वाया गेली. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तेही फसलं. नंतर डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावलं, हात हलवत परतले.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. मुलांमध्ये भांडणं लागली, आरमार वाटलं गेलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संधान बांधून इंग्रज विजयदुर्गावर आले. तेव्हा तुळाजी आंग्रेंच्या गुराबा आणि गलबतं बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तोफगोळ्याने एक जहाज पेटलं, आणि त्या आगीत जवळजवळ सगळं आरमार जागच्या जागी जळून गेलं.