डास मिळाला नशिबाने, ओळखला सरावाने

हिवताप म्हणजेच मलेरिया डासांमुळे होतो, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८९५ मध्ये मात्र तो केवळ एक तर्क होता. हिवतापाचा परजीवी रुग्णाच्या रक्तात १८८० मध्येच सापडला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडे सुटले नव्हते.

अल्मोड्यात १८५७ मध्ये जन्मलेले डॉ. रोनाल्ड रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना हा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि डासांवरचा आपला संशयही सांगितला. १८९५ मध्ये सिकंदराबादला आल्यावर रॉस हिवतापाच्या रुग्णांना चावलेले डास चिरून तपासू लागले. हाती काहीच लागेना. कारण ते डास क्युलेक्स आणि एडिस प्रकारचे होते. माणसाच्या हिवतापाचा परजीवी त्यांच्यात वाढत नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये पंखांवर ठिपके असलेले वेगळेच डास त्यांना मिळाले. ते अॅनोफिलिस होते. हा नशिबाचा भाग. हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन रॉस यांनी ते चावू दिले. चिरलेले डास उडून जाऊ नयेत म्हणून ऐन उकाड्यातही पंखा बंद असे. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते.

नवख्याने त्या डासाच्याच पेशी समजून सोडून दिल्या असत्या. पण निष्फळ तपासण्यांमध्ये रॉस यांनी इतकी जठरे पाहिली होती, की तिथे काय नसते हे त्यांना पाठ झाले होते. शिवाय तसेच काळे कण त्यांनी रुग्णांच्या रक्तातील परजीवीतही पाहिले होते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास चिरला, तर त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या! म्हणजे परजीवी डासात वाढत होता.

नशीब लगेच उलटलेही. त्यांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली आणि काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्यात माणसांऐवजी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी परजीवीचा माग डासाच्या लाळग्रंथीपर्यंत काढला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

२० ऑगस्ट हा आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाच्या यशात आधीच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक रिकाम्या जठराचा वाटा होता.