चेक इंजिनचा लाइट लागल्यावर आधी काय करायचं? रुडॉल्फ डिझेलने हे १८९३ मध्येच करून दाखवलं होतं

देवरी-आमगाव-गोंदिया रस्त्यावर सकाळपासून डिझेल व्हॅनची ये-जा सुरू होते. कुणात भाजी असते, कुणात किराणा, कुणात लग्नाचं वऱ्हाड. अशात एखाद्या दिवशी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा लाइट लागतो. गाडी चालते, पण पिकअप गेलेला असतो. मालक गॅरेजवर येतो आणि लाइट तेवढा घालवून द्या, असं सांगतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, कोड पुसतो, लाइट जातो. चार दिवसांनी तोच लाइट पुन्हा हजर. मधल्या काळात भाडं बुडतं ते वेगळंच.

चूक कुठे झाली? लाइट घालवला, पण तो काय सांगत होता ते कुणी वाचलंच नाही.

हे समजून घ्यायचं असेल, तर ज्याच्या नावाने आपण पंपावर तेल भरतो त्या माणसाची गोष्ट वाचायला हवी. कारण डिझेल हे मुळात तेलाचं नाव नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आई-वडील मात्र जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, आणि १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं गेलं.

पोरगा हुशार निघाला. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक मिळाले. बर्फ आणि थंडावा तयार करणाऱ्या यंत्रांमध्ये लिंडे यांचं मोठं नाव होतं. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट खटकली. त्या काळी जग वाफेच्या इंजिनावर चालत होतं, पण कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी यायचा. बाकी सगळी वाया.

ही नासाडी थांबवायची, हे त्याने तेव्हाच मनावर घेतलं.

शिक्षण संपल्यावर त्याने लिंडे यांच्याच कंपनीत नोकरी धरली आणि फावल्या वेळात इंजिनावर डोकं लावलं. आधी अमोनियाच्या वाफेवर प्रयोग केले. त्यात स्फोट झाला आणि त्याला बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. तरी गडी थांबला नाही.

आयडिया काय होती?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेलने हेच तत्त्व टोकाला नेलं. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही, इंधन आपोआप पेट घेणार. म्हणून आजही डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने त्याला पाठबळ दिलं.

पहिल्याच दिवशी मीटर फुटलं

१० ऑगस्ट १८९३. ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या इंजिनाची चाचणी सुरू झाली. इंजिन स्वतःच्या ताकदीवर नव्हे, तर बाहेरून पट्ट्याने फिरवलं जात होतं. त्याला इंडिकेटर नावाचं एक उपकरण जोडलं होतं. सिलिंडरच्या आत दाब किती आहे, हे ते कागदावर रेघ काढून दाखवायचं. आत इंधन सोडलं, भडका उडाला, दाब ८० बारच्या आसपास गेला आणि इंडिकेटरच फुटलं. त्याचे तुकडे डिझेलच्या जवळून उडाले. थोडक्यात जीव वाचला.

दुसरा कुणी असता तर प्रकल्प गुंडाळला असता. डिझेलने उलटा विचार केला. इंडिकेटर फुटलं, म्हणजे हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं हे सिद्ध झालं. आता फक्त बिघाड शोधायचे होते.

पुढची साडेतीन वर्षं त्याने तेच केलं. इंधन नीट जळत नव्हतं, सील गळत होते, इंधन आत सोडण्याची पद्धत जमत नव्हती. प्रत्येक चाचणीत इंडिकेटरची रेघ बघायची, नोंद करायची, एक गोष्ट बदलायची, पुन्हा चाचणी घ्यायची. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त ऊर्जा कामात आली. वाफेच्या इंजिनाच्या दुप्पटीहून जास्त.

मग घाई झाली

डिझेल रातोरात श्रीमंत झाला. अमेरिकेतल्या हक्कांसाठी अॅडॉल्फस बुश या बिअरवाल्या उद्योगपतीने त्याला दहा लाख मार्क मोजले. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे एक डिझेल इंजिन तर शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं.

पण प्रयोगशाळेत जमलेलं इंजिन गिऱ्हाइकाकडे गेल्यावर बंद पडू लागलं. तक्रारी आल्या, इंजिनं परत आली. ऑग्सबर्गला खास डिझेल इंजिनासाठी काढलेला कारखाना चालला नाही. पेटंटचे वाद, टीका आणि कामाचा ताण यांनी त्याची तब्येत खालावली. जमिनीच्या व्यवहारांत पैसा बुडाला. इंजिनाचा प्रत्येक बिघाड लिहून ठेवणारा हा माणूस स्वतःची आर्थिक अवस्था मात्र घरच्यांपासून लपवत राहिला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह दिसला, त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा उलगडा आजही झालेला नाही. तो ५५ वर्षांचा होता आणि कर्जात बुडालेला होता.

त्याच वर्षी त्याचं इंजिनाच्या जन्मकथेवरचं पुस्तक आलं होतं. त्यात यशासोबत फसलेले प्रयोगही त्याने मांडले होते.

त्याचं इंजिन आपल्या रस्त्यावर कसं आलं?

डिझेलच्या हयातीत हे इंजिन अवजड होतं, गाडीत बसवण्यासारखं नव्हतं. १९२७ च्या सुमारास बॉश कंपनीचा इंधन पंप बाजारात आला आणि ट्रकसाठी छोटी इंजिनं सोपी झाली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि शेतातल्या विहिरीवर डिझेल इंजिन फटफटू लागलं. पुढे मॅटॅडोर आली, आणि आता बीएस-६ व्हॅन.

आणि तो पिवळा लाइट?

तो म्हणजे डिझेलच्या इंडिकेटरचा पणतू. फरक इतकाच की रेघेऐवजी तो कोड देतो. गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरचे आकडे तपासतो आणि काही बिनसलं की लाइट लावतो. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर पुरेसा परत फिरत नाही. पी ००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी पडतोय. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. दाब कमी पडण्यामागे साधा तुंबलेला डिझेल फिल्टर असू शकतो आणि महागडा पंपही.

त्यामुळे आधी कोड लिहून घ्या किंवा फोटो काढा. लाइट लागला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि लोड कॉम्प्युटरने साठवलेला असतो. कोड पुसला की ही नोंदही जाते. मग स्वस्तातल्या गोष्टी आधी तपासा: फिल्टरमध्ये साचलेलं पाणी, टर्बोचा फाटलेला रबरी पाइप, काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह, सैल झालेला सेन्सरचा सॉकेट. बीएस-६ व्हॅन फक्त गावातल्या गावात फिरत असेल, तर सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर तुंबतो. तो जळून साफ व्हायला देवरीच्या हायवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालणं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी फिरवून बघा.

आणि एक लक्षात ठेवा. पिवळा लाइट असेल तर सहसा सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पण ऑइलचा लाल लाइट लागला, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची.

ऑग्सबर्गमध्ये मीटर फुटलं, तेव्हा डिझेलने दोष मीटरला दिला नव्हता. आपणही लाइटला देऊ नये.